सह्यांचं भेंडोळं

न्यूझीलंडच्या संसदेत १८९३ साली सर जॉन हॉल यांनी कागदाचं एक भेंडोळं आणलं आणि सभागृहाच्या मधल्या वाटेत ते उलगडत सोडलं. आतला लाकडी दांडा गडगडत जाऊन समोरच्या भिंतीवर आदळला. दांडा साध्या झाडूचा होता. ख्राइस्टचर्चच्या केट शेपर्ड यांनी देशभरातून आलेले पाचशेहून अधिक ताव एकाखाली एक चिकटवून त्याभोवती गुंडाळले होते. लांबी सुमारे २७० मीटर, सह्या २५,५१९. बरोबरीचे लहान अर्ज धरले तर आकडा बत्तीस हजारांच्या घरात जातो, म्हणजे तिथल्या प्रौढ युरोपीय स्त्रियांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा. येत्या निवडणुकीत आम्हाला मत देऊ द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं.

ही रीत शेपर्ड यांनी शोधलेली नाही. ज्याला मत नाही त्यालाही पार्लमेंटकडे अर्ज करता येतो, हा इंग्लंडमधला जुना हक्क. गुलामगिरी बंद करा म्हणून १८३३ मध्ये तिथल्या १,८७,१५७ स्त्रियांनी सह्या केल्या होत्या. ते ताव एकमेकांना शिवून जोडले होते आणि सभागृहात न्यायला चार सभासद लागले. पुढे मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट कामगारांनी १८४२ मध्ये तेहतीस लाखांवर सह्यांचा अर्ज नेला, तो दारातून आत जाईना. पण १८४८ च्या त्यांच्या अर्जात खुद्द राणी व्हिक्टोरियाच्या नावाची बनावट सही सापडली आणि साऱ्या मागणीचं हसं झालं. तेव्हा भेंडोळं किती लांब, यापेक्षा त्यातली प्रत्येक सही कशी मिळाली, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. माझ्या मते या साधनाची खरी ताकद संसदेत कधीच नव्हती. सही मागायला कुणीतरी कुणाच्या तरी दारात उभं राहतं, ती ताकद तिथे तयार होते.

न्यूझीलंडमध्ये हे काम मुख्यतः दारूबंदीवाल्या ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनेनं केलं. याच संघटनेची अमेरिकेतली कामगिरी पंडिता रमाबाईंनी आपल्या प्रवासवृत्तात मराठी वाचकांपुढे मांडली होती. १८९१ मध्ये नऊ हजारांवर सह्या झाल्या, पुढच्या वर्षी वीस हजारांच्या आसपास, मग बत्तीस हजार. दरवर्षी त्याच गल्ल्या, तीच शेतघरं, आदल्या वर्षी नाही म्हणालेली तीच बाई. उलट बाजूनं ड्युनेडिनचे आमदार हेन्री फिश यांनी मताधिकाराविरुद्ध सह्या गोळा करायला पगारी माणसं नेमली आणि अर्ज दारूच्या गुत्त्यांतून फिरवले. त्यातल्या काही सह्या खोट्या निघाल्या, काही फसवून घेतलेल्या, आणि ते सारं त्यांच्याच अंगाशी आलं. भाड्यानं आणलेली सही अशी उघडी पडते. शेजारणीनं समजावून घेतलेली सही मात्र कुणी विचारलं तर स्वतः उत्तर देते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. शेजारच्या ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीत १८९१ मध्ये स्त्रियांनी असंच भेंडोळं दिलं होतं: कापडावर चिकटवलेला कागद, लांबी २६० मीटर, सह्या सुमारे तीस हजार. तरी तिथे राज्याच्या निवडणुकीतलं मत मिळायला १९०८ साल उजाडलं, कारण मालमत्तावाल्यांनी निवडलेलं वरिष्ठ सभागृह विधेयक पुन्हा पुन्हा पाडत राहिलं. शिवाय न्यूझीलंडच्या वरिष्ठ सभागृहातही विधेयक तरलं ते २० विरुद्ध १८ मतांनी. पंतप्रधान सेडन यांनी एका सभासदाचं मत विधेयकाविरुद्ध फिरवायचा खटाटोप केला, त्यानं चिडून दोन विरोधकांनी बाजू बदलली म्हणून. मग भेंडोळ्यानं साधलं काय? हा आक्षेप मी अर्धा मान्य करते. ज्या सभागृहाला सही करणाऱ्यांची गरजच नाही, त्याचं दार सह्यांनी उघडत नाही, आणि ब्रिटनमधल्या स्त्रियांनी अर्ज बाजूला ठेवून तुरुंग पत्करला तो याच अनुभवानं. पण सेडन यांच्यावर कारस्थान करण्याची पाळी आली, कारण विधेयक तोवर उघडपणे पाडण्यासारखं राहिलं नव्हतं.

उरलेल्या अर्ध्याचं उत्तर कायद्यानंतरच्या दिवसांत मिळतं. १९ सप्टेंबर १८९३ ला विधेयकावर सही झाली, निवडणूक होती २८ नोव्हेंबरला. बायकांना राजकारणात रसच नाही, त्या नावं नोंदवणारच नाहीत, असं विरोधक सांगत आले होते. सुमारे सहा आठवड्यांत १,०९,४६१ स्त्रियांनी मतदारयादीत नाव घातलं, प्रौढ स्त्रियांपैकी शेकडा ८४. इतक्या थोड्या अवधीत इतकी नोंदणी निव्वळ सरकारी जाहिरातीनं होत नाही. कोणत्या घरी कोण राहतं, कुणाला अजून धीर द्यावा लागेल, हे तीन वर्षं सह्यांसाठी दारोदार हिंडलेल्या बायकांना पाठ होतं. मतदानाच्या दिवशी ९०,२९० स्त्रिया केंद्रांवर आल्या.