टाळलेल्या नजरेचा इतिहास

#थ्रेड
१/ ‘नजरेला नजर देऊन बोल!’ लहानपणी ही आज्ञा ऐकली नाही असा माणूस विरळा. नजर चुकवणाऱ्याच्या मनात काहीतरी काळेबेरे असणार, हा आपला जुना समज. स्वमग्न (ऑटिस्टिक) माणसांना या समजाची किंमत कशी मोजावी लागली, ते पाहू.

२/ १९४३, बाल्टिमोर. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमानसतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. यातली अनेक मुले वस्तूंत तासन्‌तास रमत; माणसांच्या चेहऱ्याकडे मात्र क्वचितच पाहत. १९४४ मध्ये व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर यांनीही अशाच न भिडणाऱ्या नजरेची नोंद केली.

३/ नोंद खरी होती. अर्थ मात्र पाहणाऱ्याने लावला. या मुलांना माणसांची ओढच नाही, असे मानले गेले. ‘ऑटिझम’ हा शब्द ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्व’ यावरून आलेला. आपल्या ‘स्वमग्नता’ या प्रतिशब्दातही तोच निवाडा दडलेला आहे.

४/ मग दोषी कोण? १९६७ मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांनी ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या ग्रंथात बोट दाखवले ते पालकांकडे, विशेषतः आईकडे. हे मत पुढे निराधार ठरले. तोवर असंख्य मातांनी तो कलंक वाहिला.

५/ त्याच दशकात लॉस एंजेलिसमध्ये ईव्हार लोव्हास यांनी वर्तन-प्रशिक्षण आरंभले. ‘माझ्याकडे बघ’ ही त्यातली एक पायाभूत आज्ञा. बघितले की खाऊ. त्यांच्या उपचारांत चापट आणि विजेचे झटके यांचाही वापर होई. १९६५ मध्ये ‘लाइफ’ मासिकाने ते छायाचित्रांसह छापले.

६/ वेगळा अर्थही तेव्हाच मांडला गेला होता. १९६६ मध्ये कोरिन हट व ख्रिस्तोफर औन्स्टेड यांनी सुचवले की, नजर वळवून ही मुले मनावरचा असह्य ताण हलका करत असावीत.

७/ पुढे स्वमग्न माणसे स्वतः लिहू लागली. टेंपल ग्रँडिन (१९८६), डोना विल्यम्स (१९९२) यांची आत्मकथने आली. जॉन एल्डर रॉबिसन यांनी तर २००७ मधील आत्मकथनाला बालपणी ऐकलेली आज्ञाच शीर्षक म्हणून दिली : ‘लुक मी इन द आय’.

८/ अशा स्वानुभवांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कुणाला डोळ्यांत पाहताना भीती वाटते, कुणाला शारीरिक वेदना होतात. कुणाला पाहणे आणि ऐकणे एकाच वेळी जमत नाही. कुणी केवळ समोरच्याच्या समाधानासाठी पाहिल्याचा आभास निर्माण करतो. सर्वांचा अनुभव सारखा नाही. पण त्यात बेपर्वाई क्वचितच आढळते.

९/ त्याच वर्षी आणखी एका संशोधनात स्वमग्न व्यक्तींना चेहऱ्यातील डोळ्यांवरच दृष्टी स्थिर ठेवण्यास सांगितले गेले. तेव्हा त्यांच्या मेंदूच्या अंतर्भागांत इतरांपेक्षा तीव्र उद्दीपन दिसले.

१०/ एकाच पक्षाच्या बखरीवरून लढाईचा इतिहास लिहू नये, हे आपण जाणतो. येथे तर दुसऱ्या पक्षाचे कागद उघडायलाच चार दशके लागली. म्हणून समोरच्याने नजर वळवली, तर लगेच निवाडा करू नये. कदाचित तो तुमचे म्हणणे नीट ऐकू यावे म्हणूनच दुसरीकडे पाहत असेल.