रेडियमचं घड्याळ

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला एका ताईंनी पितळी डबीतून एक मनगटी घड्याळ आणलं. त्यांच्या आजेसासऱ्यांचं. ते दुसऱ्या महायुद्धात पलटणीत होते, तिकडून येताना हातात घालून आलेले. चावी द्यायचं घड्याळ, काचेवर ओरखडे, आणि आत आकड्यांवर नि काट्यांवर पिवळट-तपकिरी रंगाचा जाडसर थर. नातवाच्या लग्नापर्यंत ते चालू व्हावं, एवढीच ताईंची इच्छा.

आम्ही दोघी-तिघी त्यांच्याबरोबर तालुक्याच्या गावी घड्याळजींकडे गेलो. वयस्कर गृहस्थ. डोळ्याला भिंग लावून त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि म्हणाले, "स्प्रिंग तुटलीय. ती बदलतो, मशीन धुऊन तेल देतो, चालू होईल." ताई म्हणाल्या, "काका, आकड्यांवरचा तो मळही खरवडून काढा आणि नवा रंग द्या." तसे ते थांबले. "मळ नाही तो, ताई. रेडियम आहे. ते मी खरवडणार नाही, आणि घरी तुम्हीही नखानं कोरू नका."

आपल्याला रेडियम म्हटलं की ट्रॉलीच्या मागे लावतात ती चकाकणारी पट्टी आठवते. त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो, नाव तेवढं आहे. खरं रेडियम हा एक धातू. मेरी क्युरी आणि त्यांचे पती पिएर यांनी तो 1898 साली शोधला. त्यातून सतत किरण बाहेर पडतात. त्याची चिमूटभर पूड झिंक सल्फाइडमध्ये मिसळली की अंधारात हिरवट उजेड देणारा रंग तयार होतो. रात्री खंदकात बसलेल्या सैनिकाला काडी न ओढता वेळ कळावी म्हणून पहिल्या महायुद्धात अशा घड्याळांना फार मागणी आली.

हा रंग भरणाऱ्या बहुतेक सगळ्या पोरीबाळी होत्या, आणि त्यांचीच गोष्ट आज आम्हाला सांगायची आहे.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात ऑरेंज नावाचं गाव आहे. तिथे 1917 पासून घड्याळाच्या तबकड्या रंगवण्याचा कारखाना चालायचा. युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशन हे त्या कंपनीचं पुढचं नाव. चौदा-पंधरा वर्षांपासून विशीतल्या मुली तिथे कामाला. मजुरी नगावर, एका तबकडीला दीड सेंटच्या आसपास. नगावर मजुरी म्हणजे काय, हे विडी वळणाऱ्या आपल्या बायांना वेगळं सांगायला नको. हात थांबला की पैसा थांबला.

आता बारीक आकडा रंगवायचा तर कुंचल्याला टोक हवं. सुईत दोरा ओवताना आपण दोऱ्याचं टोक ओठात धरून ओलं करतो ना, अगदी तसंच त्यांना शिकवलं होतं. कुंचला ओठात धरून टोक काढायचं, रंगात बुडवायचा, आकडा भरायचा, पुन्हा ओठात. दिवसाला अडीचशे तबकड्या म्हणजे किती वेळा तो रंग तोंडात गेला असेल, तुम्हीच विचार करा. मुली विचारायच्या, हे अपायकारक तर नाही ना? उत्तर मिळायचं, अजिबात नाही, उलट गालांवर लाली येईल. त्या काळी रेडियमचं पाणी टॉनिक म्हणून विकलं जायचं, त्यामुळे मुलींना ते खरंच वाटलं. कुणी गंमत म्हणून नखांना लावायची, कुणी दातांना. संध्याकाळी घरी जाताना त्यांचे केस आणि कपडे अंधारात चमकायचे. आम्हाला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. त्याच कंपनीतले रसायनतज्ज्ञ मात्र रेडियम हाताळताना शिशाचा आडोसा आणि चिमटे वापरत होते.

शरीराला रेडियम आणि कॅल्शियम यांतला फरक कळत नाही. पोटात गेलेलं काही रेडियम हाडांत जाऊन बसतं आणि आतून किरण सोडत राहतं. मॉली मॅगिया नावाच्या मुलीचा आधी एक दात दुखू लागला. तो काढला तर जखम भरेना. मग दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी जबड्याचं हाड दंतवैद्याच्या हातात तुटून आलं. सप्टेंबर 1922 मध्ये ती गेली. वय 24. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं गेलं सिफिलिस, म्हणजे गुप्तरोग. आजारपण गेलं, जीव गेला, वर चारित्र्यावर डाग.

पुढे एकेक करून इतरही आजारी पडू लागल्या. कंपनीनं हार्वर्ड विद्यापीठाच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली. दोष रेडियमचाच असल्याचं त्यांनी कळवलं, तर कंपनीनं सरकारी खात्याकडे फिरवलेला अहवाल पाठवला. 1925 साली हॅरिसन मार्टलंड या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यानं मुलींच्या हाडांत आणि श्वासातही किरणोत्सर्ग असल्याचं सिद्ध केलं.

ग्रेस फ्रायर ही त्यांच्यातलीच एक. पाठीचा कणा खचलेला, तरी वकील शोधत ती दोन वर्षं हिंडली. बडी कंपनी, कोण अंगावर घेणार? शिवाय कायदा म्हणायचा की इजा झाल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा लावा, आणि हा आजार तर बाहेर यायलाच कितीतरी वर्षं घेणारा. शेवटी 1927 मध्ये रेमंड बेरी या तरुण वकिलानं दावा घेतला. ग्रेसबरोबर कॅथरीन शॉब, एडना हसमन, क्विंटा मॅकडोनाल्ड आणि अल्बिना लॅरिस. क्विंटा आणि अल्बिना मॉलीच्या सख्ख्या बहिणी. त्याच साली मॉलीचं दफन केलेलं शव बाहेर काढून तपासलं. गुप्तरोगाची खूण कुठेही नव्हती. पाच वर्षं मातीत राहिलेली हाडं मात्र अजून किरण सोडत होती. बहिणीवरचा डाग असा पुसला गेला.

1928 साली तडजोड झाली. प्रत्येकीला दहा हजार डॉलर, वर्षाला सहाशे डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च. ग्रेस 1933 मध्ये गेली. इलिनॉय राज्यातल्या ऑटावा गावच्या बायांना आणखी दहा वर्षं झगडावं लागलं. तिथल्या कॅथरीन डोनोह्यू यांनी 1938 मध्ये घरातल्या सोफ्यावर पडल्या पडल्या साक्ष दिली, उठायची ताकदच नव्हती. त्या जिंकल्या, पण त्याच वर्षी वारल्या, आणि कंपनीची अपिलं त्यांच्यामागेही चालूच राहिली. या बायांच्या शरीरांच्या तपासणीतूनच 1941 साली अमेरिकेत ठरलं की माणसाच्या अंगात रेडियम किती असलं तर धोका. ऑटावात 2011 साली त्यांचा पुतळा उभा राहिला.

घड्याळांत रेडियम पुढे 1960 च्या दशकापर्यंत वापरलं जात होतं, म्हणून जुन्या पेटाऱ्यांत ते अजून सापडतं. ते चमकत नाही, कारण उजेड देणारं झिंक सल्फाइड थकून गेलेलं असतं. रेडियम थकत नाही. रंग मात्र ठिसूळ होतो, त्याचे कण सुटतात, आणि धोका तो पोटात किंवा छातीत गेला तर. काच बंद असलेलं घड्याळ कपाटात पडलं असेल तर घाबरून जायचं कारण नाही. खरवडणं, फुंकर मारणं, पोराच्या हाती उघडं देणं, हे तेवढं टाळायचं.

आमच्या घड्याळजींनी काय केलं ते आम्ही समोर बसून पाहिलं. आधी हातमोजे चढवले. काटे आणि तबकडी कडेनं धरून अलगद उतरवली आणि झाकणाच्या डबीत बंद केली. मग नुसतं मशीन धुतलं, स्प्रिंग बदलली, सुईच्या टोकानं तेल दिलं. तबकडी जशीच्या तशी परत बसवून काच लावली. टेबल ओल्या फडक्यानं पुसलं, ते फडकं पिशवीत बांधून टाकलं आणि हात धुतल्यावरच चहाच्या पेल्याला हात लावला.

घड्याळ आता चालतं. दिवसाला चारेक मिनिटं मागे पडतं, पण टिकटिक छान आहे. ताईंनी विचारलं, "हे रेडियम संपणार तरी कधी?" घड्याळजी म्हणाले, "सोळाशे वर्षांनी निम्मं होईल." ताई काही बोलल्या नाहीत. डबी बंद केली, पदरात बांधली आणि आम्ही स्टँडकडे निघालो.