न्यूस्टेड येथील श्वानसमाधि

इंग्लंडांत नॉटिंगहॅम शहराच्या उत्तरेस न्यूस्टेड नांवाचा वाडा आहे. हा मूळचा ख्रिस्ती मठ, इ. स. १५३९ त तो मोडला व पुढील वर्षीं बायरन घराण्याकडे आला. वाड्याच्या बागेंत कवि बायरन यानें आपल्या ‘बोसन’ (म्हणजे तांडेल) नामक कुत्र्याची समाधि बांधिली आहे. ती पाहण्याचा योग आम्हांस नुकताच आला.

समाधीवरील लेख प्रथम गद्य व नंतर पद्य असा आहे. गद्यांत कुत्र्याचा जन्म मे १८०३, न्यूफाउंडलंड व मृत्यु ता. १८ नोव्हेंबर १८०८, न्यूस्टेड असा दिला आहे. कुत्रा पिसाळून मेला, ही गोष्ट मात्र लेखांत नाहीं. गद्य भाग फार दिवस बायरनच्याच नांवावर चालत आला. परंतु त्याचा मित्र हॉबहाउस याच्या इ. स. १८३० च्या पत्रावरून तो हॉबहाउसचा ठरतो. पद्य तेवढें बायरनचें. एका शिळेवरील अक्षर एकाच कर्त्याचें समजण्याची संवय आपल्याकडेहि थोडी नाहीं!

इ. स. १८११ च्या मृत्युपत्रांत, आपणांस ह्याच तळघरांत पुरावें व कुत्र्यास तेथून हलवूं नये, असें बायरननें लिहविलें. वकिलानें शंका काढली तरी त्यानें कलम फिरविलें नाहीं. पुढें १८१७ त वाडाच विकला गेला, आणि १८२४ त ग्रीस देशीं वारलेल्या बायरनला जवळच्या हकनॉल गांवच्या देवळांत पुरलें. कुत्रा एकटाच राहिला.

येथें आम्हांस कृष्णा-वेण्णासंगमीं माहुलीस असलेली शाहूमहाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधि आठवली. वाघाच्या शिकारींत महाराजांचे प्राण वांचविणाऱ्या कुत्र्यास त्यांनीं जहागिरीची सनद व पालखी दिली, असें ग्रँट डफ आपल्या १८२६ च्या इतिहासांत सांगतो, व हें सारें बुद्धिभ्रंशाच्या लहरींत घालतो. बायरनच्या कलमास मात्र कोणी बुद्धिभ्रंश म्हणत नाहीं. आमच्या मतें सनद पाहिल्यावांचून डफचा निवाडा मान्य करणें युक्त नव्हे. तींतील साल, गांव, वसुलाचा आंकडा व शिक्का यांवरून ती लहर कीं पालखीच्या माणसांची रीतसर नेमणूक, हें उघड होईल. साताऱ्याकडील जुन्या दप्तरांत अशी सनद किंवा तिची नक्कल कोणाच्या पाहण्यांत असल्यास त्यांनीं ती मंडळाकडे अवश्य धाडावी.