उत्तर शोधणारे मूल : बडोद्याच्या ग्रंथालय-चळवळीचा धडा

लहान मुलाला वाचावयास शिकविणे आणि शोधावयास शिकविणे या दोन गोष्टी एकच होत, असा समज आपल्या समाजात फार दिवस रूढ आहे. वस्तुतः त्या दोहोंत मोठे अंतर आहे. पंतोजींच्या शाळेपासून आजच्या प्राथमिक शाळेपर्यंत प्रश्न गुरुजींनी विचारावा आणि उत्तर मुलाने द्यावे, हाच क्रम चालत आला. मुलाने प्रश्न विचारावा, त्याचे उत्तर कोठे मिळेल याचा ठाव घ्यावा आणि मिळालेले उत्तर पारखून पाहावे, ही विद्या पाठ्यक्रमाच्या कडेलाच राहिली.

ही विद्या परदेशातून आलेली आहे असे मात्र कोणी समजू नये. प्रश्नोपनिषदाचे नावच प्रश्नावरून पडले आहे. सहा जिज्ञासू समिधा हाती घेऊन पिप्पलाद ऋषींकडे जातात. ऋषी त्यांना वर्षभर आश्रमात राहावयास सांगतात, मग हवे ते विचारण्याची मोकळीक देतात आणि आपणांस ठाऊक असेल तर सांगू असे म्हणतात. ‘ठाऊक असेल तर’ ही अट एका ऋषीने स्वतःवर घालून घ्यावी, याचे आम्हांस नेहमी नवल वाटत आले आहे.

अशा प्रश्नशील विद्यार्थ्याला साधने कशी पुरवावीत, याचा अर्वाचीन काळातील एक उत्तम वस्तुपाठ आपल्याच मराठी राज्यकर्त्याने घालून दिला. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरात जन्मलेले आणि १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक आलेले सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला. १९०६ मध्ये तो कायदा साऱ्या संस्थानास लागू झाला. मुलांना सात ते बारा आणि मुलींना सात ते दहा या वयात शाळेत धाडणे पालकांवर बंधनकारक झाले.

आम्ही कायद्याच्या व्यवसायातील माणसे. कायद्याचे सामर्थ्य आम्ही जाणतो आणि त्याची मर्यादाही जाणतो. कायदा मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणू शकतो; परंतु शाळा सुटल्यावर त्याच्या हाती पुस्तक राहील, हे कायद्याच्या कलमाने साधत नाही. दहा-बारा वर्षांच्या वयात शाळा सोडून नांगर किंवा चूल सांभाळू लागलेले मूल अक्षरओळख विसरून जाते. तेव्हा शाळेच्या पाठीशी ग्रंथालय उभे केले नाही तर सक्तीच्या शिक्षणावरील खर्च वाळूत पाणी ओतल्यासारखा होईल, हे महाराजांनी ओळखले.

अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डेन यांना बडोद्यास पाचारण केले. महाराजांच्या खासगी संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथ हा नव्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया ठरला. १९११ मध्ये बोर्डेन यांनी ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग काढला. कपाटे वाचकांना मोकळी झाली. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग झाले. मुलांच्या दालनात चित्रांची पुस्तके आणि खेळ ठेवण्यात आले.

या व्यवस्थेत शिक्षण कोठे दडले होते, ते नीट पाहिले पाहिजे. कुलूपबंद कपाटातील पुस्तक मागावयाचे तर त्याचे नाव आधी ठाऊक असावे लागते. ज्याला ते ठाऊक नाही तो रिकाम्या हाती परततो, आणि लहान मूल नेमके त्यांतलेच. मोकळ्या आणि विषयवार लावलेल्या कपाटापुढे उभे राहिलेले मूल मात्र पुस्तकाचे नाव न जाणताही पक्ष्यांच्या पुस्तकांपाशी पोहोचते, आणि आपण शोधीत होतो त्याच्या शेजारचे, ज्याचा आपणांस पत्ताही नव्हता असे दुसरे पुस्तक त्याला दिसते. ज्ञानाला रचना असते, प्रत्येक गोष्टीला आपली जागा असते आणि ती जागा शोधता येते, हे त्याला कोणी व्याख्यान न देता कळते. मग सूचिपत्र कसे पाहावे, अनुक्रमणिकेचा उपयोग काय, कोशात शब्द वर्णक्रमाने कसा काढावा, या पायऱ्या शिकविणे सोपे जाते. बोर्डेन यांनी बडोद्यासाठी विषयांच्या वर्गीकरणाची एक स्वतंत्र पद्धतीच बसविली होती. ती केवळ कारकुनाच्या सोयीची बाब नव्हती, असे आम्हांस वाटते.

ग्रंथालय नसलेल्या गावांसाठी फिरती ग्रंथालये निघाली. मजबूत लाकडी पेट्यांत निवडक पुस्तके भरून त्या खेडोपाडी धाडल्या जात आणि वाचून झाल्यावर परत येत. कायम ग्रंथालय काढू इच्छिणाऱ्या गावासाठी नियम असा होता की, गावकऱ्यांनी जेवढी वर्गणी जमवावी तेवढीच भर प्रांतपंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी. यामुळे ग्रंथालय ही सरकारी देणगी न राहता गावाची मालमत्ता झाली. ही भूमीही अगदी ओसाड नव्हती. मोतीभाई अमीन या शिक्षकाने १९०६ पासूनच मित्रमंडळांच्या द्वारे गावोगाव वाचनालये उभारण्यास आरंभ केला होता.

१९१३ मध्ये बोर्डेन स्वदेशी परतले आणि कारभार जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्याकडे आला. आडनाव ऐकताच आमच्या वाचकांना कुडाळ आठवेल. हे गृहस्थ एम. ए. आणि एलएल. बी. होते, हे सांगताना आम्हांस व्यवसायबंधुत्वाचा थोडा अभिमान वाटला तर वाचक क्षमा करतील. १९१२ मध्ये सुरू झालेले ‘लायब्ररी मिसेलेनी’ हे ग्रंथालयविषयक त्रैमासिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत असे. शिवाय महाराजांनी दोन लाख रुपये अनामत ठेवून देशी भाषांतील ग्रंथरचनेस आश्रय दिला. त्यातून श्रीसयाजी साहित्यमाला निघाली आणि मुलांसाठी श्रीसयाजी बालज्ञानमाला निघाली. शोधावयास शिकविले आणि मातृभाषेत सापडावयास काही नसले तर ते शिक्षण फुकट, हा विचार त्यामागे स्पष्ट दिसतो.

परंतु शोधणे हा अर्धाच भाग झाला. सापडलेल्या गोष्टीवर विश्वास किती ठेवावा, हा उरलेला अर्धा. न्यायालयात हा विवेक रोज करावा लागतो. ऐकीव गोष्ट आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट यांत साक्षीचा कायदा भेद करतो. मूळ दस्तऐवज आणि त्याची नक्कल यांची किंमत सारखी मानीत नाही. १८७२ च्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून नव्या अधिनियमाने घेतली, तरी हा भेद कायम आहे. आपल्या न्यायदर्शनाने तर प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे फार पूर्वी मांडली, आणि शब्द प्रमाण मानताना तो आप्ताचा, म्हणजे विषय जाणणाऱ्या सत्यवक्त्या माणसाचा असावा अशी अट घातली. ‘हे कोण सांगतो? त्याला कसे ठाऊक?’ एवढे दोन प्रश्न दहा वर्षांच्या मुलाला सहज विचारता येतात.

आज या प्रश्नांची निकड अधिक आहे. हातातील यंत्राला विचारले की क्षणात उत्तर मिळते. पण ते सांगणारा कोण, हे पुष्कळदा कळतच नाही. बडोद्याच्या मुलाला पुस्तक दुर्मिळ होते. आमच्या मुलांना आप्त दुर्मिळ झाला आहे.

येथे काही वडीलधाऱ्यांच्या मनात शंका येईल की, मुलांना असे प्रश्न विचारावयास शिकविले तर श्रद्धा डळमळेल. आमचे मत उलट आहे. उदाहरणार्थ, श्रीमंगेशाचे स्थान १५६० मध्ये कुशस्थळीहून प्रियोळास आले ही गोष्ट घ्या. ‘देव येथे का आले?’ असे एखाद्या मुलाने विचारले तर एका वाक्यात उत्तर देऊन त्याला वाटेस लावू नये. आधी आजी काय सांगते ते त्याने लिहून घ्यावे. मग भटजींना आणि महाजनांना विचारावे. नकाशावर जुने आणि नवे स्थान शोधून मधली नदी पाहावी. त्या काळी कोणत्या तीरावर कोणाची सत्ता होती ते इतिहासाच्या पुस्तकात पाहावे. शेवटी कोणती गोष्ट सर्वांनी सांगितली आणि कोणती एकानेच सांगितली, याच्या दोन याद्या कराव्यात. एवढे केलेल्या मुलाला आपल्या पूर्वजांनी रात्रीच्या अंधारात काय वाचविले याची जी जाण येईल, ती पाठ केलेल्या चार ओळींतून येणार नाही. आणि विलंबास आता सवड नाही. सांगणारी पिढी दर वर्षी विरळ होत आहे. न विचारलेले प्रश्न तिच्याबरोबर जातात.

यासाठी फार मोठे काही लागत नाही. पणजीच्या सार्वजनिक ग्रंथालयाची परंपरा १८३२ पासूनची आहे, आणि आज ते मराठीत १५२६ साली श्रीकृष्णचरित्रकथा रचणाऱ्या कृष्णदास शामा यांच्या नावाने चालते. तेथे मुलांना वर्षातून दोनदा तरी न्यावे. देवळाच्या अग्रशाळेत एक मोकळे कपाट ठेवावे. त्यात कोश, नकाशे, स्थानिक इतिहासाची पुस्तके आणि मुलांनी स्वतः टिपलेल्या माहितीच्या वह्या विषयवार लावाव्यात. खर्चासाठी बडोद्याचा नियम उपयोगी पडेल. एक वाटा पालकांनी उचलावा, एक महाजनांनी आणि एक गावातील सधन गृहस्थांनी. कपाटाला कुलूप मात्र लावू नये.

प्रश्नोपनिषदातील सहावा जिज्ञासू सुकेशा एक आठवण सांगतो. कोसलाच्या राजपुत्राने त्याला सोळा कलांच्या पुरुषाविषयी विचारले, तेव्हा त्याने आपणांस ते ठाऊक नाही असे सरळ सांगितले; असत्य बोलणारा मुळासकट सुकून जातो, हे तो जाणत होता. राजपुत्र मुकाट्याने रथात बसून निघून गेला. सुकेशा मात्र तो प्रश्न मनात बाळगून पिप्पलादांपर्यंत आला. आमच्या मुलांच्या गुरुजनांना आणि पालकांनाही ‘ठाऊक नाही, चल शोधू’ असे म्हणता आले, तर प्राथमिक शिक्षणाचे पुष्कळसे काम झाले असे आम्ही समजू.