खाकी चड्डी आणि निळा स्कर्ट

शाळा उघडायच्या तोंडावर सिन्नरच्या टेलरला आया एकच बजावतात, "वाढत्या अंगाचा शिवा, दुमड मोठी ठेवा." पुढच्या जूनमध्ये ती दुमड उसवली, की विटक्या निळ्याखाली गडद निळा पट्टा उमटतो. बिडी वळून चालणाऱ्या घरांत गणवेश असाच पुरवला जातो.

गणवेशाचं मूळही गरिबाघरचंच. १५५२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेनं अनाथ, निर्धन मुलांना निळे डगले दिले. श्रीमंतांच्या शाळांनी गणवेश उचलला तो फार नंतर. आपली खाकी मात्र पलटणीतली. १८४६ च्या सुमारास पेशावरकडच्या गाइड्स पलटणीनं ती अंगावर घेतली. पुढे पोलीस, स्काउट आणि शाळा. मळखाऊ कापड, टिकाऊही.

मुलींच्या कपड्यांची कथा एवढी सरळ नाही. १८४८ ला भिडेवाडा, १८८४ ला हुजूरपागा, या शाळा निव्वळ मुलींच्या. तालुक्याच्या गावांना दोन-दोन हायस्कुलं परवडणारी नव्हती. तिथं सहशिक्षण आलं ते तत्त्वापेक्षा गरजेपोटी. वर्ग एक झाला, रांगा वेगळ्या राहिल्या, आणि मोठ्यांची सारी धास्ती मुलीच्या कपड्यांवर येऊन बसली. मुलांची चड्डी फक्त लांब होऊन पँट झाली. मुलींचं परकर-पोलकं गेलं, साडी गेली, स्कर्ट आला, मग पंजाबी ड्रेस आणि पिना लावून घडी घातलेली ओढणी. खो-खोला उतरताना हीच ओढणी कमरेला करकचून बांधावी लागते. केरळात वलयनचिरंगरा इथल्या प्राथमिक शाळेनं २०१८ मध्ये मुलामुलींना सारखीच गुडघ्यापर्यंतची पँट आणि शर्ट दिला. कारण साधं होतं, मुलींना मोकळेपणी खेळता यावं.

आपल्या सरकारनं २०२४ मध्ये राज्यभर एकच गणवेश ठरवला, वर फिकट निळा, खाली गडद निळा. शिलाई बचत गटांकडे गेली. कित्येक शाळांत कपडे महिनोन्‌महिने पोचले नाहीत, मापंही चुकली. डिसेंबरात निर्णय फिरला आणि अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. या समित्यांत निम्म्या जागा महिलांच्या असतात. तालुक्यातल्या समित्यांना माझी विनंती आहे: यंदा कापड ठरवण्याआधी सातवी-आठवीच्या मुलींना समोर बसवून विचारा, तुम्हाला काय घालून धावता येईल?