मालाची वाट : गॅटच्या पाचव्या कलमावर भाष्य

नेपाळला समुद्र नाही. त्याचा परदेशी माल कोलकाता, हल्दिया किंवा विशाखापट्टणमला उतरतो. म्हणून १९४७च्या गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार करारातले पारगमनाचे, म्हणजे दुसऱ्या देशातून माल नेण्याचे, कलम भारत-नेपाळ सीमेवरच्या रक्सौल-वीरगंजच्या नाक्यावर उभे राहून वाचावे. कलमातल्या वाक्यांचा आशय मराठीत माझ्या शब्दांत दिला आहे.

ज्या प्रवासाचा आरंभ आणि शेवट दोन्ही देशाच्या हद्दीबाहेर, त्यातला माल पारगमनात आहे असे मानावे.

सिंगापूरला चढलेला एक कंटेनर घ्या. कोलकात्यात तो जहाजावरून उतरतो, आवारात थांबतो, मालगाडीच्या वाघिणीवर चढतो आणि सुमारे ७०० किलोमीटर जाऊन वीरगंजजवळ सिर्सियाला पोचतो. वाटेत वाहन बदलले, माल गोदामात ठेवला किंवा फोडून पुन्हा भरला, तरी प्रवास एकच, असे कलम स्पष्ट म्हणते. सिर्सियाच्या त्या आवाराला नेपाळी माणूस ‘सुक्खा बंदरगाह’ म्हणतो. रक्सौलहून रूळ थेट आत जातात, म्हणून ‘बंदर’ हा शब्द तिथे शोभतो.

या व्याख्येत काय बसत नाही, तेही पाहायला हवे. डिझेल, पेट्रोल आणि स्वयंपाकाचा गॅस नेपाळ भारताकडूनच विकत घेतो. तो प्रवास भारतातच सुरू होतो; म्हणून तो व्यापार, पारगमन नव्हे, आणि या कलमाचे छत्र त्याच्यावर नाही. सप्टेंबर २०१५पासून कित्येक महिने नाक्यांवरची वाहतूक अडली. नेपाळने तिला नाकेबंदी म्हटले, भारताने नेपाळच्या तराईतल्या मधेशी आंदोलनाकडे बोट दाखवले. नेपाळमधल्या मोठ्या भूकंपाला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते, आणि काठमांडूत लोक रिकामे सिलिंडर रांगेत ठेवून तिष्ठत होते. त्या सिलिंडरांबद्दल हे कलम एक अक्षर बोलत नाही. मला ही त्याची सर्वांत मोठी उणीव वाटते. २०१९मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली, तेव्हा टँकरवरचा भार हलका झाला. पण वाहिनीत तेल सोडायचे ते मोतिहारीहूनच.

आंतरराष्ट्रीय पारगमनाला सर्वांत सोयीच्या मार्गांनी जाण्याचे स्वातंत्र्य असेल.

सोय कुणाची? कलम सांगत नाही. मग मार्गांची नावे भारत-नेपाळ पारगमन करारात लिहावी लागतात, आणि तो करार मुदतीचा. मार्च १९८९मध्ये व्यापार आणि पारगमन या दोन्ही करारांची मुदत संपली आणि बहुतेक नाकी बंद झाली. नेपाळ तेव्हा गॅटमध्ये नव्हता. गॅटचे नियम पुढे चालवणाऱ्या जागतिक व्यापार संघटनेत तो २००४मध्ये आला. सदस्यत्वाने हक्क मिळतो, मार्ग मात्र एकेक करून मागूनच घ्यावा लागतो. २०२३मध्ये करार नव्याने झाला, तेव्हा भारतातले जलमार्गही त्यात आले. सोय वाढते ती अशी, एकेका नावाने.

पारगमनाच्या मालावर सीमाशुल्क नाही. फक्त वाहतुकीचे भाडे आणि सेवेच्या खर्चाइतका आकार.

अर्थ उघड आहे.

अनावश्यक विलंब किंवा निर्बंध नको.

सारा वाद ‘अनावश्यक’ या शब्दात आहे. भारत-नेपाळ सीमा खुली आहे. नेपाळच्या नावाने आलेला माल शुल्क न भरता वाटेतच भारतीय बाजारात उतरेल, ही भारताची भीती खोटी नाही. तिच्यापायी हमीचे कागद आले, नाक्यावर सीलची तपासणी आली आणि ट्रकांची रांग आली. भीती खरी असली तरी तिची किंमत वीरगंजचा व्यापारी भरत होता.

यावर तोडगा निघाला तो कुलपाने. कोलकात्याला कंटेनरच्या दाराला इलेक्ट्रॉनिक सील लागते. आपण कुठे आहोत ते सील वाटभर कळवत राहते, मध्येच कुणी हात लावला तर तसा इशारा जातो, आणि ते उघडते थेट नेपाळच्या कस्टम्ससमोर. रक्सौलला दार पुन्हा तपासण्याचे कारण उरत नाही.