केजनांच्या सणाचे ताट : मानकरी कोण?

ज्यांना लिहू दिले गेले नाही त्यांचा इतिहास कागदपत्रांत सापडत नाही. सापडलाच तर तो मालकाच्या वहीत, बैल आणि नांगर यांच्या शेजारी, मालमत्तेच्या यादीत सापडतो. अशा लोकांचा माग काढायचा तर वेगळी साधने धुंडाळावी लागतात, आणि अन्न हे त्यांतले एक मोठे साधन आहे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ (२०१५) या ग्रंथात मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यजीवनाची नोंद करून हे आपल्याकडे दाखवून दिले आहे. प्रस्तुत लेखात मी अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या केजन लोकांच्या सणासुदीच्या घरगुती जेवणाचा विचार करणार आहे. विषय दूरचा आहे. पण हाकलून दिलेल्या एका समाजाने आपल्याही खाली दडपलेल्या दुसऱ्या समाजाचे ज्ञान आपल्या ताटात घेतले आणि पुढे त्याचे नाव मात्र घेतले नाही, ही प्रक्रिया तेथे फार उघडपणे पाहावयास मिळते.

केजन हा शब्द ‘अकादियन’ या शब्दाचा अपभ्रंश. आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर १६०४ पासून फ्रेंच वसाहत होऊ लागली. त्या मुलखाचे नाव अकादी. १७१३ च्या तहाने तो इंग्रजांकडे गेला. इंग्लंडच्या राजाशी बिनशर्त इमान राखण्याची शपथ हे शेतकरी घेईनात, म्हणून १७५५ पासून त्यांना हद्दपार करण्यात आले. घरे जाळली, माणसे जहाजांत कोंबून ठिकठिकाणी नेऊन टाकली. १७६३ पर्यंत दहा हजारांवर माणसे अशी उखडली गेली. हजारो लोक रोगराईने आणि जहाजे बुडून मेले. उरलेल्यांपैकी काही जण १७६५ च्या सुमारास लुइझियानात पोहोचू लागले. १७८५ साली फ्रान्समध्ये आश्रयाला असलेले सुमारे १६०० जण सात जहाजांतून येथे उतरले.

थंड मुलखातले हे लोक गहू, कोबी, सलगम आणि डुकराचे मांस यांवर जगत आलेले. येथे दलदल, उकाडा आणि पाऊस. गहू येईना. भाकरी मक्याची खावी लागली. जुना स्वयंपाक जसाच्या तसा करणे शक्यच नव्हते. मग आज ‘अस्सल केजन’ म्हणून जे वाढले जाते ते आले कोठून?

माझा पुतण्या लाफायेत या गावी नोकरीस आहे. त्याच्याकडे मी एक हिवाळा राहिलो. नाताळच्या आदल्या रात्री शेजारच्या केजन कुटुंबाने आम्हाला जेवावयास बोलावले. मध्यरात्रीच्या प्रार्थनेनंतर घरी येऊन जेवायची त्यांची जुनी रीत आहे. आता पुष्कळ घरांत संध्याकाळीच उरकतात. घरातील वृद्ध बाई चुलीपाशी उभी राहून पीठ तेलात भाजीत होती. याला ‘रू’ म्हणतात. पीठ काळपट तपकिरी होईपर्यंत हात थांबवायचा नाही. जळले तर सारे टाकून पुन्हा सुरुवात. मग त्यात कांदा, ढोबळी मिरची, सेलरी, कोंबडी आणि धुरावलेले डुकराचे सॉसेज. हा गम्बो. तो भातावर ओततात. शेजारी बटाट्याचे सॅलड; ते चमच्याने गम्बोतच सोडून खातात. माझ्या जिभेला हे आधी विचित्र वाटले, पण दुसऱ्या वेळी मी स्वतः मागून घेतले.

जेवताना त्या बाईने सांगितले की तिच्या वडिलांना शाळेत फ्रेंच बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. हे एकट्या तिच्या घरचे नव्हे. लुइझियानाच्या १९२१ च्या राज्यघटनेने सरकारी शाळांतून इंग्रजी सक्तीची केली. घरी फक्त फ्रेंच बोलणाऱ्या मुलांकडून, आपण शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही, असे शेकडो वेळा लिहवून घेतले जाई. मुलांनी मोठेपणी आपल्या लेकरांना ती भाषा शिकवलीच नाही. भाषा गेली, चूल राहिली. सणाच्या जेवणाविषयी केजन माणूस इतका हळवा का, याचे उत्तर येथे आहे, आणि त्या हळवेपणाची थट्टा करण्याचे मला कारण दिसत नाही.

पण चूल तरी सर्वस्वी त्यांची होती काय?

‘गम्बो’ हा शब्द फ्रेंच नाही. पश्चिम-मध्य आफ्रिकेच्या भाषांत भेंडीला ‘किंगोम्बो’ अशा धर्तीचे नाव आहे, त्यावरून तो आला. आपल्या बाजारात मिळणारी भेंडीच ती. गुलामांच्या जहाजांबरोबर ती अटलांटिक ओलांडून गेली, आणि तिचा बुळबुळीतपणा हाच रस्सा दाट करण्याचा उपाय ठरला. दुसरा उपाय ‘फीले’; ही सासाफ्रास झाडाच्या वाळवलेल्या पानांची पूड, ती तेथील मूलनिवासी चॉक्टॉ लोकांची देणगी. रू तेवढी फ्रेंच. भाताची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १७१९ साली आफ्रिकन गुलामांची पहिली जहाजे लुइझियानात आली. त्यांच्या कप्तानांना फ्रेंच कंपनीची सूचना होती की बियाण्याचे भात आणा आणि भाताची लागवड जाणणारी माणसेही आणा. म्हणजे माणसांबरोबर त्यांची विद्याही पळवून आणण्याचा हा ठरवून केलेला उद्योग होता. इतिहासकार ग्वेंडोलिन मिडलो हॉल यांनी वसाहतकालीन लुइझियानातील आफ्रिकनांवरील आपल्या ग्रंथात (१९९२) हे मांडले आहे. अकादियन उतरले तेव्हा, म्हणजे सुमारे पंचेचाळीस वर्षांनी, या भूमीत काय पिकते आणि ते कसे शिजवावे हे जाणणारे हात तेथे आधीच राबत होते.

वर्षाच्या पहिल्या दिवशी केजन घरात चवळी आणि कोबी हवीच. चवळी नशिबासाठी, कोबी पैशासाठी. कोबी उत्तरेतून आलेल्यांची जुनी ओळखीची. चवळी मूळची आफ्रिकेची. दोन्ही एकाच ताटात शेजारी शेजारी असतात.

हिवाळ्यातला खरा सण मात्र पंचांगात नसे. तो ‘बुशरी’चा, डुक्कर पाडण्याचा दिवस. बर्फपेट्या घरोघरी येण्यापूर्वी मांस टिकत नसे. म्हणून थंडी पडली की भावकी आणि शेजारी पाळीपाळीने एकेकाच्या घरी जमत, डुक्कर कापीत आणि वाटे घालीत. काहीही फुकट जात नसे. आतड्यांत भात, काळीज आणि मांस भरून ‘बूदां’ होई. कातडीसकट चरबी तळून ‘ग्रातों’. मुंडी शिजवून तिचा गोठवलेला थर. वजडीत मसाल्याचे मांस भरून ती आख्खी शिजवायची. पाठीच्या मणक्यांचे कालवण. रक्ताचाही तांबडा बूदां करीत. चान्या, वजडी आणि रक्ती ज्या घरांत शिजली त्या घरांतील वाचकाला हे काही नवल वाटणार नाही. जनावराचा एकही भाग टाकून देणे ज्यांना परवडत नाही, त्यांचे पाकशास्त्र जगभर बरेचसे एकसारखे असते. आज ग्रातों आणि बूदां महामार्गावरच्या पेट्रोल पंपांवर गरम गरम विकले जातात आणि लोक त्यासाठी मोटारी थांबवतात.

लेंटचे उपवास सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मार्दी ग्रा. न्यू ऑर्लिन्स शहरातील मिरवणुका प्रसिद्ध आहेत, परंतु मामू, युनिस, चर्च पॉइंट या खेड्यांकडचा प्रकार निराळा. मुखवटे आणि चिंध्यांचे रंगीत पोशाख घातलेली माणसे घोड्यांवरून घरोघर जातात. त्यांचा नायक आधी घरधन्याची परवानगी घेतो. मग सोंगाडी नाचतात, गातात आणि गम्बोसाठी काहीतरी भीक मागतात. घरधनी जिवंत कोंबडी हवेत उडवून देतो, ती पकडायची. रात्री गोळा झालेल्या शिध्याचा गम्बो साऱ्या गावाला. गरिबांनी एक दिवस हक्काने मागून घ्यावे आणि सर्वांनी एका भांड्यातले खावे, ही कल्पना मला मनापासून आवडते. मात्र याच मिरवणुकीत तोंडाला काळे फासून काळ्या नवरा-बायकोचे सोंग आणण्याचीही परंपरा होती. काळ्या क्रिओल लोकांच्या वस्त्यांतून स्वतंत्र मिरवणुका निघत, अजूनही निघतात. तोच दिवस, तोच गम्बो, पण भांडे वेगळे.

पुतण्याबरोबर काम करणारे एक काळे क्रिओल गृहस्थ आहेत. नववर्षाच्या दिवशी आम्ही ओपेलूससला त्यांच्या घरी गेलो. तोच काळपट रू, तोच भात, तेच बटाट्याचे सॅलड, तीच चवळी. मी भाबडेपणाने विचारले, “हे केजन जेवण ना?” ते हसले, पण त्यांच्या आईला हसू आले नाही. “आमच्या आजीने कोणाकडून शिकले असेल असे तुम्हाला वाटते?” एवढेच त्या म्हणाल्या आणि वाढीत राहिल्या.

या प्रश्नाला इतिहासाचा आधार आहे. बहुसंख्य केजन लहान शेतकरी, मच्छीमार, मजूर होते. पण अठराव्या शतकाच्या अखेरीसच त्यांच्यातील काहींनी गुलाम विकत घेण्यास आरंभ केला होता. हद्दपार झालेल्यांच्या कुळातला अलेक्झांद्र मूतों उसाच्या मळ्याचा आणि शेकडाभर गुलामांचा धनी झाला. १८४३ ते १८४६ तो राज्याचा गव्हर्नर होता आणि १८६१ साली ज्या परिषदेने लुइझियानाला अमेरिकेपासून फोडले तिचा अध्यक्षही तोच. गुलामगिरीसाठी लढलेल्या फौजेत सेनापती असलेल्या त्याच्या मुलाचा पुतळा १९२२ साली लाफायेतमध्ये उभारला गेला; तो २०२१ साली हलवण्यात आला. छळ सोसलेला माणूस आपोआप दुसऱ्याच्या छळाविरुद्ध उभा राहतो, हा आपल्या चळवळीतीलही एक गोड गैरसमज आहे.

येथे वाचकाच्या मनात स्पर्शाचा प्रश्न येईल. गोऱ्यांच्या घरी काळी बाई स्वयंपाक करी, तिच्या हातचे सर्वांना चाले. ती त्या मेजावर बसलेली मात्र चालत नसे. आपल्याकडे सवर्णांना हातचे पाणीही चालत नव्हते. जात आणि वर्ण यांच्यातला हा फरक बारकाईने अभ्यासण्यासारखा आहे. हातचे चालले म्हणून तिचे नाव राहिले असे मात्र झाले नाही. न्यू ऑर्लिन्सच्या ‘पिकायून’ या वृत्तपत्राने १९०० साली क्रिओल पाककृतींचे पुस्तक काढले ते जुन्या काळ्या स्वयंपाकिणी आता नाहीशा होत आहेत या चिंतेने. पाककृती जपल्या गेल्या, त्या रांधणाऱ्या बायका नावानिशी जपल्या गेल्या नाहीत.

पुढे काळ पालटला. १९७१ साली राज्याच्या विधिमंडळाने दक्षिण लुइझियानाच्या २२ जिल्ह्यांना ‘अकादियाना’ असे अधिकृत नाव दिले. त्या जिल्ह्यांत मोठ्या संख्येने राहणाऱ्या काळ्यांचा या नावात मागमूस नाही. ओपेलूससजवळ गरीब केजन कुटुंबात तेरा भावंडांत धाकटा म्हणून जन्मलेल्या पॉल प्रुडोम यांनी १९७९ साली न्यू ऑर्लिन्समध्ये भोजनगृह काढले, आणि १९८० नंतर केजन जेवणाची लाट अमेरिकाभर पसरली. काल ज्या शब्दाने हिणवले जाई तो शब्द बाटल्यांवर आणि पाकिटांवर छापून विकला जाऊ लागला. त्या पाकिटात भेंडी, भात आणि चवळी आणणाऱ्यांचा वाटा केजन या एका नावाखाली झाकला गेला.

गुड फ्रायडेला मांस वर्ज्य, म्हणून केजन घरांच्या अंगणात मोठमोठ्या भांड्यांतून क्रॉफिश उकळतात. हे गोड्या पाण्यातले, झिंग्यासारखे दिसणारे कवचाचे प्राणी. मक्याची कणसे आणि बटाटे त्यांच्याबरोबरच, भरपूर तिखटात. वर्तमानपत्रे अंथरलेल्या लांब मेजावर सगळे ओततात. उभ्याने, हाताने सोलून खायचे. एकेकाळी हे ओढ्या-नाल्यांतून धरून आणलेले गरिबांचे खाणे होते आणि ते खाताना चारचौघांनी पाहू नये असे वाटत असे. १९५९ साली ब्रो ब्रिज हे गाव जगाची क्रॉफिश राजधानी म्हणून जाहीर झाले, पुढल्या वर्षी तेथे उत्सव सुरू झाला, आणि भातखाचरांतून आलटून पालटून क्रॉफिशची शेती वाढली. घरोघर ‘एटुफे’ या दाट कालवणासाठी लागणारे सोललेले मांस आता कारखान्यांतून येते. ते सोलण्याचे काम मुख्यतः हंगामी परवान्यावर आणलेल्या मेक्सिकन कामगारांकडे आहे, आणि त्यांत बायका पुष्कळ. २०१२ च्या जून महिन्यात ब्रो ब्रिजमधल्याच एका कारखान्यातील काही मेक्सिकन कामगारांनी काम बंद पाडले. कधीकधी चोवीस-चोवीस तास राबवून घेतात, घरच्यांवरून धमकावतात, अशी त्यांची तक्रार होती.